टीएमटी नॉर्मल होती, मग अटॅक कसा आला?

"अण्णांची टीएमटी दिवाळीतच केली होती की हो डॉक्टर. नॉर्मल होती!" सोलापुरातल्या कुठल्याही आयसीयूबाहेरच्या बाकड्यांवर हे वाक्य कुणाच्या ना कुणाच्या तोंडून ऐकू येतंच. टीएमटी म्हणजे पट्ट्यावर पळवून करतात ती हृदयाची तपासणी. त्या वाक्यात दुःख असतं आणि संशयही असतो. मशीन बिघडलं होतं का, डॉक्टरांनी नीट बघितलं नाही का? बहुतेक वेळा तसं काही झालेलं नसतं. तपासणी नीट झालेली असते आणि रिपोर्टही खरा असतो. अडचण आपल्या मनात बसलेल्या हृदयविकाराच्या चित्रात असते.

हे चित्र नळाचं आहे. उजनीहून येणाऱ्या जलवाहिनीत गाळ बसत जावा, आतली जागा कमी होत जावी आणि एक दिवस पाणी बंद पडावं, तसं कोलेस्टेरॉल साचत जातं आणि शंभर टक्के ब्लॉकेज झालं की अटॅक येतो, असं आपण धरून चालतो. म्हणूनच घरातला पहिला प्रश्न असतो, "किती टक्के?" सत्तर म्हटलं की सगळे घाबरतात आणि तीस म्हटलं की गोळ्या बंद होतात. पण गाळ नळाच्या पोकळीत, पाण्याच्या वाटेत बसतो. कोलेस्टेरॉल साठतं ते रक्तवाहिनीच्या भिंतीत, अस्तराच्या खाली. शिवाय नळाला गाळाचं काही वाटत नाही. रक्तवाहिनी जिवंत आहे, भिंतीत नको ते घुसलं की ती प्रतिकार करते, सुजते. अण्णांना झालेला आजार समजून घ्यायचा तर आधी ही भिंत समजून घ्यावी लागते.

हृदयाच्या स्नायूला रक्त पुरवणाऱ्या मुख्य धमन्या तीन ते चार मिलिमीटर रुंदीच्या असतात. त्यांच्या भिंतीला तीन थर असतात: बाहेर आधार देणारा, मध्ये स्नायूंचा आणि सगळ्यात आत, रक्ताला लागून, पेशींचं अस्तर. हे अस्तर फक्त एका पेशीच्या जाडीचं असतं. डॉक्टर त्याला एंडोथेलियम म्हणतात. कित्येक वर्षं वैद्यकशास्त्रालाही वाटत होतं की हे नुसतं गुळगुळीत आवरण आहे, त्याला स्वतःचं काम असं काही नाही.

तो समज ज्या प्रयोगाने मोडला तो मला फार आवडतो. अमेरिकेत रॉबर्ट फर्चगॉट हे शास्त्रज्ञ सशाच्या महाधमनीचे तुकडे टांगून, त्यांवर औषधं सोडून, ते आकसतात की सैल होतात हे मोजत असत. ॲसिटिलकोलीन नावाचं एक रसायन घातलं की धमनी कधी सैल व्हायची आणि कधी उलट आकसायची. शोध घेताना लक्षात आलं की जे तुकडे तयार करताना आतली बाजू घासली गेली होती, ज्यांचं अस्तर निघून गेलं होतं, तेच आकसत होते. अस्तर शाबूत असलेले सैल होत होते. म्हणजे स्नायूला "सैल हो" असा निरोप हे अस्तरच देत होतं. १९८० मध्ये हे छापून आलं. निरोप पोचवणारा पदार्थ म्हणजे नायट्रिक ऑक्साइड हा वायू निघाला आणि १९९८ चं वैद्यकशास्त्राचं नोबेल पारितोषिक फर्चगॉट, लुई इग्नॅरो आणि फरीद मुराद यांना मिळालं.

छातीत दुखल्यावर जिभेखाली ठेवायची सॉर्बिट्रेटची गोळी याच वाटेने काम करते. अस्तर जे पुरेसं तयार करू शकत नाही ते नायट्रिक ऑक्साइड ती बाहेरून पुरवते. धमन्या आणि शिरा सैल होतात, हृदयावरचा भार कमी होतो. डायनामाइटमधलं नायट्रोग्लिसरीन याच जातीचं औषध आहे आणि डायनामाइटच्या जनकाला, खुद्द आल्फ्रेड नोबेल यांना, उतारवयात हृदयाच्या दुखण्यासाठी डॉक्टरांनी तेच लिहून दिलं होतं.

धमनी सैल ठेवणं हे नायट्रिक ऑक्साइडचं एकच काम नाही. रक्तातल्या प्लेटलेट भिंतीला चिकटू नयेत, पांढऱ्या पेशी विनाकारण भिंतीत शिरू नयेत, स्नायूपेशी अवाजवी वाढू नयेत, हेही त्याच्यामुळेच सांभाळलं जातं. अस्तर दुखावलं की ही सगळी कामं एकदम ढिली पडतात, आणि हे अँजिओग्राफीत काही दिसण्याच्या कितीतरी आधी होतं. १९८६ मध्ये अमेरिकेतल्या डॉक्टरांनी रुग्णांच्या हृदयाच्या धमन्यांत तेच ॲसिटिलकोलीन सोडून पाहिलं. निरोगी धमन्या रुंदावल्या, आजारी धमन्या आकसल्या. भराभर जिना चढताना हृदयाला जास्त रक्त हवं असतं. नेमकं तेव्हाच आजारी धमनी रुंदावत नाही, उलट अरुंद होते. कितीतरी जणांच्या छातीत भरून येण्यात या आकसण्याचाही वाटा असतो.

कोलेस्टेरॉल भिंतीत शिरतं तेव्हा

कोलेस्टेरॉल म्हणजे विष नव्हे. प्रत्येक पेशीच्या आवरणात ते लागतं, काही हार्मोन्स त्यापासून बनतात, पित्तही बनतं. पण ते पाण्यात विरघळत नाही, त्यामुळे रक्तातून नेण्यासाठी शरीर त्याचे प्रथिनांत गुंडाळलेले कण करतं. त्यातला एलडीएल हा कण इतका बारीक असतो की एका मिलिमीटरात चाळीस-पन्नास हजार कण ओळीने मावतील. रक्तात हे कण जितके जास्त आणि जितकी जास्त वर्षं, तितके ते अस्तर ओलांडून भिंतीत शिरतात. ते कुठेही सारखे शिरत नाहीत. धमनीला जिथे फाटे फुटतात, जिथे वळण असतं, तिथे रक्ताचा प्रवाह सरळ राहत नाही, अस्तराला नायट्रिक ऑक्साइड बनवण्याची नीट चालना मिळत नाही आणि तिथेच हे कण अडकतात.

अडकलेल्या एलडीएलचं ऑक्सिडेशन होतं. असा बदललेला कण शरीराला परका वाटतो आणि इथून सूज सुरू होते. गुडघा सुजल्यावर दिसतो तसा लालपणा किंवा फुगवटा इथे दिसत नाही, दुखत तर मुळीच नाही. पण यंत्रणा तीच असते. अस्तराच्या पेशी आपल्या पृष्ठभागावर चिकट रेणू काढतात, रक्तातून जाणाऱ्या पांढऱ्या पेशी त्यांना धरून थांबतात, भिंतीत उतरतात आणि बिघडलेलं एलडीएल खाऊ लागतात. साध्या जंतूच्या बाबतीत हे काम उरकतं. इथे रक्तातून एलडीएल येतच राहतं. खाऊन खाऊन या पेशी चरबीने भरतात, सूक्ष्मदर्शकाखाली फेसाळ दिसतात, आणि मरतात. त्यांच्यातली चरबी तिथेच सांडते. त्या पेशी सोडत असलेली रसायनं आणखी पांढऱ्या पेशींना बोलावतात आणि अस्तराचं नायट्रिक ऑक्साइड आणखी घटवतात. मग मधल्या थरातल्या स्नायूपेशी वर सरकून या सगळ्यावर तंतूंचं आवरण घालतात. आत मऊ चरबी, वर तंतूंचं आवरण, अशा या गाठीला डॉक्टर प्लाक म्हणतात.

हे सगळं साठीत होतं असं समजू नका. कोरियाच्या युद्धात मेलेल्या अमेरिकन सैनिकांपैकी ३०० जणांची हृदयं तपासली गेली होती. त्यांचं सरासरी वय २२ होतं, आणि १९५३ मध्ये छापलेल्या निष्कर्षांनुसार त्यातल्या ७७ टक्के मुलांच्या हृदयाच्या धमन्यांत हा आजार डोळ्यांनी दिसण्याइतका होता.

आता अण्णांच्या टीएमटीकडे येऊ. भिंतीत प्लाक वाढत असताना धमनी बाहेरच्या बाजूला फुगत जाते, त्यामुळे आतली वाट बराच काळ मोकळी राहते. सिमॉर ग्लॅगॉव्ह यांनी १९८७ मध्ये दाखवून दिलं की प्लाकने सुमारे ४० टक्के जागा व्यापेपर्यंत ही वाट फारशी अरुंद होत नाही. टीएमटी पट्ट्यावर पळवून एवढंच पाहते की जोरात काम करताना हृदयाला रक्त कमी पडतं का. वाट मोकळी असेल तर कमी पडत नाही. अँजिओग्राफीतही रंगद्रव्य भरलेली वाट दिसते, भिंतीच्या आतली गाठ नव्हे. नॉर्मल टीएमटीचा अर्थ "आज वाट फार अरुंद नाही" इतकाच. आजार नाही, असं ती सांगत नाही आणि सांगू शकतही नाही.

आणि अटॅक येतो तो बहुतांशी प्लाक फुटल्यामुळे. सुजेच्या पेशी अशी विकरं (एन्झाइम) सोडतात की वरचं तंतूंचं आवरण विरघळत जातं. ते पातळ होतं, आणि एखाद्या रात्री, एखाद्या पहाटे, भांडणात, तापात, कधी काहीही कारण न दिसता, तडकतं. आतली चरबी रक्ताला लागली की काही मिनिटांत तिथे रक्ताची गुठळी होते आणि मोकळी असलेली वाट बंद पडते. काही जणांत, विशेषतः विडी-सिगारेट ओढणाऱ्यांत आणि तरुण स्त्रियांत, प्लाक फुटत नाही, फक्त वरचं अस्तर सोलवटतं आणि त्यावर गुठळी धरते. निम्म्यापेक्षा कमी अरुंद दिसणाऱ्या जागीही असं होऊ शकतं. म्हणून सत्तर टक्के ब्लॉकेज करणारा, पण जाड आवरणाचा प्लाक वर्षानुवर्षं शांत राहू शकतो आणि तीसच टक्के ब्लॉकेज करणारा, पण सुजलेला प्लाक जीव घेऊ शकतो.

स्टेंटबद्दलही, म्हणजे धमनीत बसवतात त्या जाळीच्या नळीबद्दलही, इथेच बोललं पाहिजे. अटॅकच्या वेळी स्टेंट जीव वाचवतो, यात शंका नाही. पण तो एका जागेची वाट उघडतो. आजार तिन्ही धमन्यांच्या भिंतींत पसरलेला असतो. "अँजिओप्लास्टी झाली, आता गोळ्या कशाला?" हे ऐकलं की मला खरोखर भीती वाटते.

कोलेस्टेरॉल की सूज?

हा वाद जुना आहे. १८५६ च्या सुमारास जर्मनीत रुडॉल्फ व्हिर्चो म्हणत होते की धमन्यांचा हा आजार म्हणजे सूज आहे. १९१३ मध्ये रशियात निकोलाय अनिच्कोव्ह यांनी सशांना कोलेस्टेरॉल खाऊ घालून त्यांच्या धमन्यांत तसाच आजार निर्माण केला. मग बरीच दशकं कोलेस्टेरॉलचंच नाव चालत राहिलं.

सुजेचा वाटा वेगळा काढून दाखवणं अवघड होतं. अटॅक येऊन गेलेल्या आणि रक्तात सुजेची खूण असलेल्या दहा हजारांहून अधिक रुग्णांवर २०१७ मध्ये कँटोस या चाचणीने ते केलं. कॅनाकिनुमॅब हे औषध फक्त सूज कमी करतं, एलडीएलला हात लावत नाही. तरीही ते मिळालेल्यांत पुन्हा अटॅक, पक्षाघात आणि हृदयविकाराने मृत्यू मिळून १५ टक्क्यांनी कमी झाले. मात्र जंतुसंसर्गाने दगावणारे थोडे वाढले, त्यामुळे ते औषध हृदयरोगासाठी सरसकट वापरात आलं नाही. वातरक्तासाठी देतात त्या कोल्चिसिनच्या छोट्या मात्रेचा २०१९ आणि २०२० च्या दोन चाचण्यांत फायदा दिसला, तर अटॅकनंतर लगेच दिलेल्या २०२४ च्या मोठ्या चाचणीत दिसला नाही. सूज कमी करणारं कुठलंही औषध चालेल, असंही नाही. मेथोट्रेक्सेटने काहीच फरक पडला नाही.

दुसरीकडे, ज्यांचं एलडीएल जन्मतःच कमी असतं अशा लोकांचा पुरावा मला सगळ्यांत बोलका वाटतो. अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांपैकी काहींत पीसीएसके-नाइन या जनुकातल्या बदलामुळे एलडीएल सुमारे २८ टक्के कमी असतं. २००६ मध्ये दिसलं की त्यांच्यात हृदयविकार ८८ टक्के कमी होता, आणि त्यातल्या अनेकांना रक्तदाब होता, काही धूम्रपानही करत होते. म्हणून माझं मत स्पष्ट आहे. एलडीएलशिवाय ही गाठ सहसा सुरूच होत नाही आणि सूज नसेल तर ती सहसा फुटत नाही. एलडीएल उतरवणं पहिलं, पण तेवढ्याने काम संपत नाही.

स्टॅटिन हे कोलेस्टेरॉल उतरवणारं औषध दोन्ही बाजूंनी उपयोगी पडतं, म्हणूनच त्याला इतकं महत्त्व आहे. ते यकृतात कोलेस्टेरॉल बनणं कमी करतं, यकृत रक्तातलं एलडीएल जास्त ओढून घेतं, आणि सूजही उतरते. प्लाकमधली चरबी कमी होते, आवरण जाड होतं. टक्केवारी फारशी बदलली नाही तरी प्लाक फुटण्याचा धोका घटतो. रिपोर्टमध्ये एलडीएल साठवर आलं म्हणून गोळी बंद केली की काही आठवड्यांत आकडा परत जागेवर जातो. तो साठ गोळीमुळेच होता.

सूज कुठून येते, हे मात्र सोलापूरकर म्हणून आपण जास्त गंभीरपणे घ्यायला हवं. सगळ्यात आधी तंबाखू. ५२ देशांतल्या इंटरहार्ट अभ्यासात नुसती विडी ओढणाऱ्यांत अटॅकचा धोका न ओढणाऱ्यांच्या जवळपास तिप्पट आणि नुसती तंबाखू चघळणाऱ्यांत दुपटीहून जास्त निघाला. विडी बारीक असते, त्यात पानच तर असतं, हा समज हजारो घरांत आहे. ज्या शहरात हजारो बायांच्या हातांवर विडीचा धंदा उभा आहे, तिथे हे बोलणं सोपं नाही. विडी घरकुलातल्या मावशीसाठी विड्या वळणं हा चुलीचा प्रश्न आहे आणि तो एका लेखाने सुटणार नाही. पण सकाळी दाताला लावायची मशेरी ही तंबाखूच आहे आणि ती आजपासून सोडता येते, हे त्या मावशीला कुणीतरी शेजारी बसून सांगायला हवं. तंबाखू सुटली की अस्तर सुधारायला लागतं. उशीर झाला असं कधीच नसतं.

मग पोटावरची चरबी. ती नुसती पडून राहत नाही, सूज वाढवणारी रसायनं रक्तात सोडत राहते. आपल्याकडे हातपाय बारीक आणि पोट सुटलेलं असा बांधा सर्रास दिसतो, वजनकाटा त्यात फसवतो. मधुमेहात वाढलेली साखर अस्तराला थेट इजा करते. वरून पायोरिया झालेल्या हिरड्या, चुलीचा आणि वाहनांचा धूर, रात्रपाळ्यांनी मोडलेली झोप. आमवात किंवा सोरायसिस असेल तर हृदयाचा धोका वाढतो, पण त्या रुग्णांचं लिपिड प्रोफाइल (कोलेस्टेरॉलची रक्ततपासणी) करायचं बऱ्याचदा राहूनच जातं. फ्लू झाल्यानंतरच्या पहिल्या आठवड्यात अटॅकची शक्यता कितीतरी पटींनी वाढते, हे २०१८ मध्ये कॅनडातल्या अभ्यासातून दिसलं. हृदयरोग्याला दरवर्षी फ्लूची लस घ्यायला सांगतात ती यासाठीच.

रिपोर्ट हातात आला की काय बघायचं? एलडीएलचा आकडा आधी. लॅबच्या कागदावरची "नॉर्मल" ही मर्यादा सगळ्यांना एकच धरते, पण प्रत्येकाचं लक्ष्य वेगळं असतं. कार्डिओलॉजिकल सोसायटी ऑफ इंडियाच्या २०२४ च्या मार्गदर्शनानुसार सर्वसाधारण माणसाचं एलडीएल १०० च्या खाली हवं, जास्त धोका असलेल्याचं ७० च्या खाली, आणि अटॅक येऊन गेलेल्यांसारख्या अतिधोक्याच्या रुग्णांचं ५५ च्या खाली. एचएस-सीआरपी ही सुजेची तपासणी आहे. एकपेक्षा कमी चांगली, तीनच्या वर जास्त. पण सर्दी-ताप, दातदुखी, अगदी साधी जखमही ती वाढवते, म्हणून एकाच आकड्यावर घाबरू नका, बरं वाटल्यावर पुन्हा करा. आणि आयुष्यात एकदा लायपोप्रोटीन-ए या एलडीएलसारख्याच कणाची तपासणी करून घ्या. ते आनुवंशिक असतं, खाण्याने फारसं बदलत नाही आणि ५० मिलिग्रॅमच्या वर असेल तर बाकी सगळं जास्त काटेकोर पाळावं लागतं. घरात कुणाला पन्नाशीच्या आत अटॅक आला असेल तर हे टाळू नका. इंटरहार्टमध्ये आपल्या दक्षिण आशियातल्या लोकांचं पहिल्या अटॅकचं मध्यम वय ५३ होतं, बाकीच्यांचं ५९ च्या आसपास.

खाण्याबद्दल थोडंच. ज्वारीची भाकरी, पालेभाजी, मूठभर शेंगदाणे यांत काही वावगं नाही. शेंगा चटणीही चालेल, मिठाकडे आणि वरून घेतलेल्या तेलाकडे मात्र बघा. त्रास होतो तो पुन्हापुन्हा तापवलेल्या तेलातल्या भज्यांनी आणि वनस्पती तुपातल्या बेकरीच्या मालाने. चालण्याचा फायदा मात्र नीट समजून घ्यावा. भराभर चालताना रक्त अस्तरावरून वेगाने घासत जातं आणि त्या घासण्यानेच अस्तर जास्त नायट्रिक ऑक्साइड बनवतं. संभाजी तलावावर रोज अर्धा तास दम लागेल इतकं चालणं हे थेट या अस्तरावर केलेलं औषध आहे. वजन उतरलं नाही तरी हा फायदा मिळतो. उन्हाळ्यात पारा चव्वेचाळीसला जातो तेव्हा उजाडायच्या आत जा.

आता प्लाक फुटलाच तर. छातीत दाब, डाव्या हाताकडे, जबड्याकडे किंवा पाठीत जाणारं दुखणं, दरदरून घाम. बायकांना आणि मधुमेहींना कधीकधी नुसती धाप, मळमळ, अचानक गळून जाणं. "पित्त झालं असेल" म्हणत सोडा पिऊन, सॉर्बिट्रेट ठेवून घरी वाट बघू नका. १०८ ला फोन करा. रुग्णालयात पोचल्यावर दहा मिनिटांत ईसीजी निघाला पाहिजे, तो मागून घ्या. करमाळा किंवा सांगोल्याहून सोलापूर गाठेपर्यंत दीड-दोन तास तरी जातात, तेवढ्यात स्नायू मरत असतो. अशा वेळी जवळच्या दवाखान्यात ईसीजी काढून, डॉक्टर म्हणत असतील तर गुठळी विरघळवणारं इंजेक्शन तिथेच घ्या आणि मग पुढे निघा. निघताना जुनी फाइल, चालू गोळ्यांच्या पट्ट्या आणि दुखायला सुरुवात झाली ती वेळ कागदावर लिहून सोबत ठेवा. डॉक्टर सर्वात आधी तीच वेळ विचारतील.